घर-नूतनीकरणाचा कंत्राटदार आणि चॅटबॉटची शिफारस : निवड कोणत्या आधारावर?

नवी दिल्ली : स्वयंपाकघरातील ओटा बदलायचा, ट्रॉल्या बसवायच्या किंवा न्हाणीघर नव्याने करून घ्यायचे, तर भरवशाचा कंत्राटदार कोण, हा प्रश्न पूर्वी शेजाऱ्यांना, नातेवाइकांना किंवा गृहनिर्माण संस्थेच्या सचिवांना विचारला जात असे. नंतर तो सर्च इंजिनला विचारला जाऊ लागला. आता तोच प्रश्न चॅटजीपीटी, जेमिनी, पर्प्लेक्सिटी यांसारख्या कृत्रिम बुद्धिमत्तेवर आधारित प्रणालींकडे जात आहे. सर्च इंजिन दुव्यांची लांबलचक यादी देत असे आणि निवड ग्राहकावर सोपवत असे. नव्या प्रणाली तीन-चार नावे देतात आणि प्रत्येक नावापुढे त्या कंपनीची वैशिष्ट्ये सांगणाऱ्या दोन ओळी लिहितात. निवडीचा मोठा भाग त्या उत्तरातच उरकलेला असतो.

हा बदल केवळ सोयीपुरता मर्यादित नाही. स्वयंपाकघर आणि न्हाणीघर यांचे नूतनीकरण हा मध्यमवर्गीय कुटुंबासाठी घरखरेदीनंतरचा एक मोठा खर्च असतो. तो कित्येकदा काही लाखांत जातो आणि रकमेचा बराच भाग काम सुरू होण्यापूर्वी द्यावा लागतो. कामाचा कणा असलेल्या गोष्टी, म्हणजे फरशीखालील जलरोधक थर, भिंतीतील नळजोडण्या आणि लॅमिनेटखालील प्लायवूड, काम पूर्ण झाल्यावर झाकल्या जातात. त्यामुळे शिफारस चुकली, तर ते लगेच उमगत नाही. म्हणूनच कृत्रिम बुद्धिमत्ता अशा कंपन्यांचे मूल्यमापन नेमके कशाच्या आधारे करते, हे समजून घेणे आवश्यक ठरते.

उत्तर कसे तयार होते

अशा उत्तरामागे दोन स्तर असतात. पहिला स्तर प्रशिक्षणाचा. भाषा मॉडेलला प्रचंड मजकुरावर प्रशिक्षित केलेले असते. ज्या नावांचा उल्लेख त्या मजकुरात वारंवार येतो, ती नावे उत्तरात येण्याची शक्यता अधिक असते. हे ज्ञान प्रशिक्षणाच्या कालमर्यादेपाशी थांबलेले असते. एखादी कंपनी त्यानंतर बंद पडली किंवा तिच्याविरुद्ध तक्रारी वाढल्या, तर त्याची नोंद या स्तरावर नसते.

दुसरा स्तर प्रत्यक्ष शोधाचा. ‘पुण्यात स्वयंपाकघर व बाथरूमचे काम करणारी विश्वासू कंपनी सुचवा’ असा प्रश्न आल्यावर प्रणाली तो प्रश्न अनेक लहान प्रश्नांत विभागते, इंटरनेटवर शोध घेते, काही पाने निवडते, त्यांतील मजकूर वाचते आणि त्यावरून उत्तर रचते. या पद्धतीचा पाया घालणारा, शोध आणि मजकूरनिर्मिती यांची सांगड घालणारा शोधनिबंध २०२० मध्ये प्रसिद्ध झाला होता. ‘चॅटजीपीटी’ने ऑक्टोबर २०२४ अखेरीस स्वतंत्र शोधसुविधा सुरू केली. ‘गूगल’ने शोधाच्या निकालांवर कृत्रिम बुद्धिमत्तेचा सारांश देण्याची सोय मे २०२४ मध्ये अमेरिकेत आणि त्याच वर्षी ऑगस्टमध्ये भारतात उपलब्ध करून दिली.

दोन्ही स्तरांवर एक गोष्ट समान आहे. प्रणाली कोणाच्याही घरी जात नाही, ओट्याची पातळी तपासत नाही, बिजागरी उघडून पाहत नाही. ती वाचते ते केवळ कामाविषयी लिहिला गेलेला मजकूर. शिवाय उत्तर संभाव्यतेच्या आधारे शब्दशः रचले जात असल्याने तोच प्रश्न दुसऱ्यांदा विचारल्यास नावे किंवा त्यांचा क्रम बदलू शकतो. ग्राहकाला मात्र ते उत्तर परीक्षणाअंती लागलेल्या निकालासारखे भासते.

मोजल्या जाणाऱ्या खुणा

कोणत्या निकषाला किती महत्त्व दिले जाते, याचे सूत्र कोणत्याही मोठ्या कंपनीने जाहीर केलेले नाही. मात्र ही उत्तरे ज्या स्थानिक शोधाचा आधार घेतात, त्याविषयी ‘गूगल’ने तीन घटक उघडपणे सांगितले आहेत : प्रश्नाशी सुसंगती, अंतर आणि प्रसिद्धी. अभिप्रायांची संख्या व तारांकन हे यांपैकी प्रसिद्धीत मोडतात.

कृत्रिम बुद्धिमत्तेच्या उत्तरांत याला मजकुराच्या स्वरूपाची जोड मिळते. ‘काम छान झाले’ एवढ्या अभिप्रायातून प्रणालीला फारसे काही उचलता येत नाही. ‘आठ फुटांचा ओटा, ग्रॅनाइट, तीन आठवड्यांत काम पूर्ण, ठरलेल्या रकमेपेक्षा एक रुपयाही जास्त घेतला नाही’ हा अभिप्राय तिच्यासाठी अधिक उपयुक्त असतो, कारण त्यातील तपशील ग्राहकाच्या प्रश्नाशी थेट जुळतात. कंपनीच्या संकेतस्थळावर सेवांची, दरांची आणि परिसराची सुस्पष्ट माहिती असणे, नाव-पत्ता सर्वत्र सारखाच असणे, वृत्तपत्रांत किंवा याद्यांत उल्लेख असणे, याही गोष्टी कंपनीला प्रणालीच्या नजरेत आणतात.

यांतील प्रत्येक खूण स्वतंत्रपणे पाहिली तर गैर नाही. स्वतःची माहिती नीट मांडणारी कंपनी कामातही शिस्तशीर असू शकते. अडचण अशी की, या सर्व खुणा लेखनाच्या आहेत आणि लेखन व कारागिरी यांचा संबंध गृहीत धरण्यापलीकडे प्रणालीकडे दुसरा मार्ग नाही.

अभिप्राय पहिल्या आठवड्याचा, गळती दुसऱ्या पावसाळ्याची

या व्यवसायात ही अडचण इतर व्यवसायांपेक्षा तीव्र आहे. उपाहारगृहातील जेवण कसे होते, हे ग्राहकाला त्याच संध्याकाळी कळते. न्हाणीघराचे तसे नाही. फरश्या चकचकीत असतात, नळ नवे असतात, घरातील मंडळी समाधानी असतात आणि अभिप्राय बहुधा त्याच काळात लिहिला जातो. अनेक कंपन्या अंतिम हप्ता घेताना तो मागूनही घेतात. जलरोधक थर अपुरा असेल, तर त्याचा पुरावा काही महिन्यांनी खालच्या घराच्या छतावर ओलीच्या रूपाने उमटतो. हलक्या प्रतीचे प्लायवूड सिंकखाली फुगायला वेळ लागतो. तोपर्यंत बहुतेक ग्राहक आपला जुना अभिप्राय सुधारण्याच्या भानगडीत पडत नाहीत.

वरच्या न्हाणीघरातून खालच्या घरात होणारी गळती हा मुंबई, ठाणे, पुण्यातील गृहनिर्माण संस्थांमधील नेहमीचा वाद आहे. पत्रव्यवहार, सभा, कधी पोलीस ठाणे, कधी न्यायालय असा त्याचा प्रवास होतो. पण त्या वादाची नोंद संस्थेच्या दप्तरात राहते, कंत्राटदाराच्या ऑनलाइन नावापुढे जात नाही. कृत्रिम बुद्धिमत्तेला पाच तारे दिसतात, ओल दिसत नाही.

उत्तरे वळवता येतात

शिफारस मजकुरावर अवलंबून असेल, तर मजकूर बदलून शिफारस बदलता येईल काय, हा पुढचा प्रश्न. त्याचे उत्तर संशोधकांनी दिले आहे. प्रिन्स्टन विद्यापीठ, आयआयटी दिल्ली आणि अन्य संस्थांतील संशोधकांनी ‘जनरेटिव्ह इंजिन ऑप्टिमायझेशन’ या नावाने अशा तंत्रांचा अभ्यास केला. संकेतस्थळावरील मजकुरात आकडेवारी, अवतरणे आणि स्रोतांचे उल्लेख वाढवल्यास कृत्रिम बुद्धिमत्तेच्या उत्तरातील त्या संकेतस्थळाचे दृश्यमान स्थान ४० टक्क्यांपर्यंत वाढू शकते, असे त्यांना आढळले. ठरावीक शब्द पुन्हा पुन्हा पेरण्याच्या जुन्या युक्तीचा मात्र फारसा उपयोग झाला नाही.

हार्वर्ड विद्यापीठातील संशोधकांनी २०२४ मध्ये कॉफी यंत्रांच्या काल्पनिक यादीवर प्रयोग केला. एका यंत्राच्या माहितीत, माणसाला निरर्थक वाटेल अशी अक्षरांची विशिष्ट मालिका घातल्यावर भाषा मॉडेल ते यंत्र यादीच्या शिखरावर ठेवू लागल्याचे दिसून आले. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये ‘द गार्डियन’ या ब्रिटिश वृत्तपत्राने केलेल्या चाचणीत, पानावर दडवलेल्या मजकुरामुळे चॅटजीपीटीच्या शोधसुविधेने उत्पादनाचे अनुकूल मूल्यमापन केले. त्याच पानावर प्रतिकूल अभिप्राय असतानाही ते घडले.

अशा त्रुटी उघड झाल्यावर कंपन्या त्या बुजवतात, हेही खरे. तरी ज्यांच्याकडे मजकूर घडवून घेण्यासाठी पैसा आहे, त्यांचे पारडे जड राहते. सर्च इंजिनच्या काळात जे सल्लागार संकेतस्थळ वरच्या क्रमांकावर आणून देण्याची सेवा विकत, त्यांच्यापैकी अनेक जण आता ‘चॅटबॉटच्या उत्तरात नाव आणून देऊ’ अशी सेवा विकत आहेत. त्याचा खर्च शेवटी ओट्याच्या दरातच मिसळतो.

चुकीच्या वाक्याची किंमत

प्रणालीची चूक ग्राहकाइतकीच व्यावसायिकालाही महागात पडू शकते. अमेरिकेतील मिनेसोटा राज्यात घरांवर सौरऊर्जा संच बसवणाऱ्या ‘वुल्फ रिव्हर इलेक्ट्रिक’ या कंपनीने २०२५ मध्ये ‘गूगल’विरुद्ध अब्रुनुकसानीचा दावा दाखल केला. राज्याच्या महाधिवक्त्यांनी या कंपनीवर फसव्या विक्रीपद्धतींबद्दल खटला भरल्याचे कृत्रिम बुद्धिमत्तेच्या सारांशात म्हटले गेले आणि त्यामुळे ग्राहकांनी करार रद्द केले, अशी कंपनीची तक्रार आहे. महाधिवक्त्यांची कारवाई प्रत्यक्षात याच क्षेत्रातील अन्य कंपन्यांविरुद्ध होती.

हे प्रकरण स्वयंपाकघराचे नसले, तरी व्यवसाय त्याच जातीचा आहे : घरात येऊन काम करणारा कंत्राटदार, मोठी रक्कम आणि विश्वासावर ठरणारा व्यवहार. दोन बातम्यांतील नावे एकत्र आल्याने एखाद्या कंपनीचे नाव चुकीच्या वाक्यात गुंफले जाऊ शकते, हे त्यातून समोर आले. मोठ्या कंपनीला न्यायालयाचा मार्ग परवडतो. चार माणसे घेऊन काम करणाऱ्या कंत्राटदाराला आपल्याविषयी असे काही लिहिले जात आहे, हेच कळण्याची शक्यता कमी.

अमेरिकेत परवाना, भारतात पोकळी

अमेरिकेतील ग्राहकाला एक आधार आहे, तो परवान्याचा. उदाहरणार्थ, कॅलिफोर्नियात १ जानेवारी २०२५ पासून एक हजार डॉलर किंवा त्याहून अधिक रकमेच्या कामासाठी राज्याच्या कंत्राटदार परवाना मंडळाचा परवाना लागतो. परवाना क्रमांक, हमीबंध आणि शिस्तभंगाच्या कारवाईची माहिती मंडळाच्या संकेतस्थळावर कोणालाही पाहता येते. घरदुरुस्तीच्या करारात आगाऊ रक्कम एकूण किमतीच्या दहा टक्के किंवा एक हजार डॉलर, यांपैकी जी कमी असेल तिच्यापेक्षा जास्त घेता येत नाही. चॅटबॉटने सुचवलेले नाव या नोंदीशी ताडून पाहता येते. अमेरिकेच्या संघीय व्यापार आयोगाने बनावट अभिप्रायांवर बंदी घालणारा नियमही केला असून तो २१ ऑक्टोबर २०२४ पासून लागू आहे. कृत्रिम बुद्धिमत्तेने लिहिलेले बनावट अभिप्राय त्याच्या कक्षेत येतात.

भारतात चित्र वेगळे आहे. ‘वास्तुविशारद’ या उपाधीला १९७२ च्या कायद्याचे संरक्षण आहे. अंतर्गत सजावट करणारे किंवा मॉड्युलर किचन बसवणारे यांच्यासाठी तशी वैधानिक नोंदवही नाही. स्थावर संपदा कायदा, म्हणजे ‘रेरा’, विकासकाला बांधील ठरवतो. ताबा घेतल्यानंतर ग्राहकाने स्वतः नेमलेला कंत्राटदार त्यात येत नाही. जीएसटी क्रमांक पोर्टलवर तपासता येतो, पण तो करदात्याची ओळख पटवतो, कौशल्याची नव्हे. चॅटबॉटची शिफारस ताडून पाहण्यासाठी भारतीय ग्राहकाकडे अधिकृत कसोटीच नसल्याने त्या शिफारशीचे वजन आपोआप वाढते.

यादीबाहेरचे मिस्त्री

या पोकळीचा सर्वाधिक फटका कोणाला बसतो, हे पाहणेही आवश्यक आहे. देशातील अशा कामांचा मोठा भाग आजही स्वतंत्र सुतार, गवंडी, प्लंबर आणि त्यांना एकत्र आणणारे लहान ठेकेदार करतात. त्यांची ओळख एका कुटुंबाकडून दुसऱ्या कुटुंबाकडे तोंडी जाते. त्यांचे संकेतस्थळ नसते, कामाची छायाचित्रे असली तर ती व्हॉट्सअ‍ॅपवर असतात आणि ती चॅटबॉटला दिसत नाहीत. वीस वर्षे बिनगळतीची न्हाणीघरे बांधणारा मिस्त्री या व्यवस्थेत अस्तित्वातच नसतो, तर दोन वर्षांपूर्वी सुरू झालेली आणि जाहिरातीवर खर्च करणारी कंपनी पहिल्या तीनांत येऊ शकते.

भाषेचा अडसर त्यात भर घालतो. प्रश्न मराठीत विचारता येतो आणि उत्तरही मराठीत मिळते. पण या व्यवसायाविषयी इंटरनेटवरील तपशीलवार मजकूर बहुतांश इंग्रजीत आणि महानगरांपुरता आहे. नागपूर, कोल्हापूर किंवा इंदूर, बडोद्यातील मराठी कुटुंबाने विचारणा केली, तर आधाराला पाने कमी मिळतात आणि प्रणाली देशभर जाहिरात करणाऱ्या साखळी कंपन्यांकडे झुकण्याची शक्यता वाढते.

१७ सप्टेंबर २०२३ रोजी सुरू झालेल्या पीएम विश्वकर्मा योजनेत १८ पारंपरिक व्यवसायांचा समावेश असून त्यांत सुतार आणि राजमिस्त्री आहेत. नोंदणी झालेल्या कारागिरांना प्रमाणपत्र व ओळखपत्र दिले जाते. योजनेचा हेतू कर्ज, अवजारे आणि प्रशिक्षण हा आहे. ग्राहकाला कारागीर शोधून देण्यासाठी ती आखलेली नाही. तरीही कारागिराच्या संमतीने अशा नोंदी प्रमाणित स्वरूपात उपलब्ध झाल्या, तर कृत्रिम बुद्धिमत्तेच्या प्रणालींना जाहिरातीच्या मजकुराखेरीज दुसरा आधार मिळू शकेल. परवाना व्यवस्था उभी करण्याच्या तुलनेत हा मार्ग कमी खर्चाचा आहे.

जबाबदारी कोणाची

ऑनलाइन अभिप्रायांसाठी भारतीय मानक ब्यूरोचे ‘आयएस १९०००:२०२२’ हे मानक नोव्हेंबर २०२२ पासून अस्तित्वात आहे. अभिप्राय देणाऱ्याची पडताळणी, अभिप्रायाची छाननी आणि प्रसिद्धी यांविषयीची तत्त्वे त्यात दिली आहेत. मात्र ते ऐच्छिक स्वरूपात लागू करण्यात आले. शिवाय त्याचा रोख अभिप्राय प्रसिद्ध करणाऱ्या संस्थांवर आहे. चॅटबॉट अनेक संकेतस्थळांवरील अभिप्रायांचा एका वाक्यात सारांश करतो, तेव्हा अभिप्रायाची तारीख, पडताळणीची खूण आणि बऱ्या-वाईट मतांचे प्रमाण त्या वाक्यात गळून पडते. मानकाने जे जपायचे, तेच ग्राहकापर्यंत पोहोचत नाही.

दायित्वाचा प्रश्नही खुला आहे. माहिती तंत्रज्ञान कायद्याचे कलम ७९ इतरांचा मजकूर वाहून नेणाऱ्या मध्यस्थाला अटींसह संरक्षण देते. परंतु प्रणालीने स्वतः रचलेले वाक्य हा ‘इतरांचा मजकूर’ मानायचा काय, हा वाद न्यायालयांपुढे येणे अपरिहार्य दिसते. कॅनडातील एका न्यायाधिकरणाने फेब्रुवारी २०२४ मध्ये एअर कॅनडाला तिच्या चॅटबॉटने प्रवाशाला दिलेल्या चुकीच्या माहितीसाठी जबाबदार धरले. तेथे चॅटबॉट कंपनीचा स्वतःचा होता. तिसऱ्याच कंत्राटदाराची शिफारस करणाऱ्या प्रणालीला तोच न्याय लावणे इतके सरळ नाही.

ग्राहक आणि कंत्राटदार यांच्यातील व्यवहाराला मात्र ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ लागू होतो. सदोष सेवेविरुद्ध जिल्हा आयोगाकडे दाद मागता येते. दिलेला मोबदला ५० लाख रुपयांपर्यंत असल्यास प्रकरण जिल्हा आयोगाच्या अधिकारकक्षेत येते आणि पाच लाखांपर्यंतच्या मोबदल्यासाठी तक्रारीचे शुल्क नाही. तक्रारीपूर्वीच्या साहाय्यासाठी १९१५ हा राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन क्रमांक आहे. या साऱ्याचा उपयोग लेखी करार आणि पावत्या हाती असतील तरच होतो. चॅटबॉटच्या उत्तराचे छायाचित्र कराराची जागा घेऊ शकत नाही.

ग्राहकाने काय विचारावे

या प्रणाली टाळाव्यात, असा याचा अर्थ नाही. कंत्राटदाराचे नाव सुचवण्यात त्या जितक्या कच्च्या आहेत, तितक्याच काम समजावून सांगण्यात उपयोगी आहेत. सिंकखाली कोणते प्लायवूड वापरावे, ‘आयएस ३०३’ आणि ‘आयएस ७१०’ या मानकांत फरक काय, अंदाजपत्रकात कोणत्या बाबी सुटल्या आहेत, दोन कंत्राटदारांच्या दरांत तफावत कशामुळे आहे, अशा प्रश्नांची उत्तरे त्या चांगली देतात आणि ती पडताळूनही पाहता येतात. त्या बळावर ग्राहक कंत्राटदारासमोर अधिक जाणकारीने बसू शकतो.

नावांच्या बाबतीत पडताळणी ग्राहकालाच करावी लागेल. उत्तराखालील दुवे उघडून अभिप्रायांच्या तारखा पाहणे, जीएसटी क्रमांक तपासणे, दोन पावसाळे उलटलेल्या किमान दोन घरांतील काम प्रत्यक्ष पाहणे, शक्य असल्यास खालच्या मजल्यावरील कुटुंबाशी बोलणे, साहित्याचा दर्जा करारात नमूद करणे, पैसे टप्प्याटप्प्याने देणे आणि काही रक्कम राखून ठेवणे, हे जुनेच उपाय आहेत. फरश्या बसवण्यापूर्वी न्हाणीघरात पाणी साठवून किमान २४ तास ठेवावे आणि खालचे छत तपासावे, ही अटही करारात असावी.

कृत्रिम बुद्धिमत्तेच्या कंपन्यांकडून अपेक्षा याहून वेगळी नाही. शिफारस कोणत्या पानांवरून केली, अभिप्राय किती जुने आहेत, परवाना किंवा नोंदणी तपासली की नाही आणि त्यात जाहिरातीचा वाटा आहे काय, हे उत्तरातच सांगितले गेले, तर ग्राहकाला त्या शिफारशीचे वजन ठरवता येईल. तोपर्यंत चॅटबॉटने दिलेली तीन नावे ही चौकशीची सुरुवात मानणेच शहाणपणाचे ठरेल. उरलेली चौकशी खालच्या मजल्यावरील घराची घंटा वाजवूनच करावी लागेल.